विश्लेषण : लोणारच्या गाळात मिथेन कोण तयार करते?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि बुलढाणा जिल्ह्यातील या विवराचे फोटो देशभर फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि कारण सापडले : खारट पाण्यात वाढणारे ‘हॅलोआर्किया’ हे सूक्ष्मजीव. पण त्यांचेच काही भाऊबंद तळाच्या गाळात राहतात. ते पाण्याला रंग देत नाहीत, ऑक्सिजन त्यांना सोसत नाही आणि ते मिथेन वायू तयार करतात. त्यांना म्हणतात मिथेनोजेन.

हे जिवाणू आहेत का?

नाही. दिसायला तसे असले तरी ते ‘आर्किया’ या वेगळ्या गटातले. १९७७ मध्ये अमेरिकेतील कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी आरएनएच्या तुलनेतून हा गट वेगळा काढला, तोही मिथेनोजेनच्याच अभ्यासातून. तुमच्या गावातील गोबर गॅसच्या टाकीत आणि गाई-म्हशींच्या पोटातही हेच काम सुरू असते.

मग लोणारमध्ये वेगळे काय?

उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पाण्याला बाहेर वाट नाही. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. त्यामुळे पाणी खारट आणि सामू, म्हणजे पीएच, १० च्या आसपास. अशा पाण्यातही पुण्यातील शास्त्रज्ञांना मिथेनोजेन सापडले. २००२ मध्ये मिथेनोसार्सिना, तर २००७ मध्ये मिथेनोकॅल्क्युलस आणि मिथेनोक्युलियस या प्रजातींचे सूक्ष्मजीव येथून वेगळे केल्याचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

ते प्रयोगशाळेत वाढवणे अवघड का?

नेहमीच्या बशीत ते वाढत नाहीत. रबरी बुचाच्या नळीतून हवा काढून त्यात ऑक्सिजनविरहित वायू भरावा लागतो. त्यात रेझाझुरिन नावाचा रंग टाकतात. नळी गुलाबी दिसली, तर ऑक्सिजन शिरला असे समजायचे. एवढे करूनही बहुतेक सूक्ष्मजीव वाढत नाहीत. त्यांना नेमके काय खायला लागते, शेजारी कोण लागतो, हेच ठाऊक नसते. जपानी शास्त्रज्ञांना समुद्रतळाच्या गाळातील एक आर्किया वाढवायला १२ वर्षे लागली. तो शोधनिबंध २०२० मध्ये आला.

न वाढवता अभ्यास कसा होतो?

गाळातून थेट डीएनए काढून. त्यातील १६एस हे जनुक वाचले की कोणाचा वंश आहे ते कळते. पण नुसत्या नावावरून काम कळत नाही. म्हणून पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी लोणारच्या गाळाला जड कार्बन असलेला मिथेन ‘खाऊ’ घातला. ज्याने तो खाल्ला, त्याचा डीएनए जड झाला. २०१० मधील या संशोधनातून दिसले की, गाळात मिथेन खाणारे जिवाणूही सक्रिय आहेत. म्हणजे एक बनवतो, दुसरा खातो.

आपल्याला याचे काय?

मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवणारा वायू आहे. गाळातला किती मिथेन हवेत जाणार, हे या बनवणाऱ्या आणि खाणाऱ्यांच्या हिशेबावर ठरते.

हा हिशेब पाण्याच्या खारटपणावर आणि सामूवर टिकून आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला ‘रामसर’ पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. पण सांडपाणी किंवा जास्तीचे गोडे पाणी विवरात उतरत राहिले, तर पाण्याचा स्वभावच बदलतो. काठावरची मंदिरे आणि पक्षी आपल्याला दिसतात, त्यांचे नुकसानही दिसते. गाळातले हे रहिवासी मात्र ओळख पटण्याआधीच नाहीसे होऊ शकतात आणि गेले तरी आपल्याला कळणार नाही. कारण त्यातील बहुतेकांना आजवर कोणी नळीत वाढवलेलेच नाही.