घरचें दप्तर आणि मुकी पेटी

दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ सालीं मुंबईस लोकांपुढें आणला, आणि त्यानंतर आपला सारा उद्योग नाशकास हलवून तेथें अनेक चित्रपट काढले. त्यांपैकीं बहुतेक आज पाहावयास मिळत नाहींत. ‘राजा हरिश्चंद्रा’चाहि कांहीं भागच काय तो उरला आहे. त्या काळची फिल्म चटकन पेट घेणारी, आणि नुसती ठेवून दिली तरी कालांतरानें कुजणारी असे. पुण्यास चित्रपटांचें राष्ट्रीय संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं, म्हणजे फाळक्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनीं. एवढें मोलाचें काम गेलें, तें कोणाच्या वैरामुळें नव्हे. तें जपून ठेवण्याची व्यवस्थाच नव्हती म्हणून.

आजच्या प्रत्येक सुशिक्षित घरांत अशीच नाजूक ठेव असते. लग्नमुंजीचीं छायाचित्रें, आजीच्या आवाजांतील ओव्या, मुलांचीं प्रमाणपत्रें, जमिनीचे उतारे, हें सारें आतां फोनमध्यें सांठलेलें असतें, आणि फोन हरवला कीं तेंहि हरवतें. कित्येकजण तें दूरच्या एखाद्या कंपनीच्या साठवणींत ठेवतात. ती सोय चांगली आहे. पण जागा वाढली कीं भाडें वाढतें, आणि नियम मालकाच्या मर्जीनें बदलतात. छायाचित्रें हवीं तितकीं फुकट ठेवण्याची जी सवलत गूगलनें दिली होती, ती १ जून २०२१ पासून बंद झाली. म्हणून घरचें दप्तर घरींच ठेवण्याचा विचार अनेक कुटुंबांत होऊं लागला आहे.

या कामीं जें यंत्र लागतें त्यास सर्व्हर म्हणतात. नांव भारदस्त असलें तरी त्याचें काम दप्तरखान्यांतील कारकुनाचेंच होय. घरांतील फोन किंवा संगणक वायफायवरून कागद मागतो. हा कारकून तो कपाटांतून काढून देतो, आणि नवा आलेला जागच्या जागीं लावून ठेवतो. त्यास फारसें बळ लागत नाहीं. मात्र अष्टौप्रहर जागें राहावें लागतें. एकाच पट्टीवर उभारलेले छोटे संगणक याच कारणानें येथें उपयोगीं पडतात. त्यांतील रास्पबेरी पाय हा संगणक शाळकरी मुलांना यंत्रविद्या शिकतां यावी या हेतूनें इंग्लंडांतील केंब्रिज येथें तयार झाला व २०१२ च्या फेब्रुवारींत विक्रीस आला. २०१९ सालीं निघालेली त्याची चौथी आवृत्ति ८५ मिलिमीटर लांब व ५६ मिलिमीटर रुंद, म्हणजे तळहातावर मावेल एवढीच आहे.

संगणकाचा आवाज दोन ठिकाणांहून येतो: पंख्यांतून आणि फिरणाऱ्या तबकडीच्या डिस्कमधून. छोट्या संगणकास अशा हलक्या कामासाठीं पंखा लागत नाहीं. अंगावर ॲल्युमिनियमचें कवच बसविलें कीं तेंच उष्णता बाहेर टाकतें. तबकडीच्या जागीं एसएसडी वापरली तर हलणारा भागच उरत नाहीं. मग ती पेटी निजावयाच्या खोलींत ठेवली तरी कोणाची झोप मोडत नाहीं. विजेचा खर्चहि थोडा. पेटी व डिस्क मिळून सात वॉट धरले, तर दिवसाला १६८ वॉट-तास, म्हणजे महिन्यास सुमारे ५ युनिट होतात. साठ वॉट घेणारा मोठा संगणक तसाच चालू ठेवल्यास ४३ युनिट लागतील.

जोडणी अवघड नाहीं. मेमरी कार्डावर लिनक्सची प्रणाली भरावी, डिस्क निळ्या यूएसबी खोबणींत लावावी, आणि पेटी केबलनें राउटरला जोडावी. ओपन मीडिया व्हॉल्ट ही फुकट मिळणारी प्रणाली घेतली तर पुढील व्यवस्था घरांतील दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावरून करतां येते. कागदपत्रें मात्र कार्डावर ठेवूं नयेत. वारंवार लिहिल्यानें कार्ड झिजतें. एक टेराबाइटच्या डिस्कवर चार मेगाबाइटचें एक याप्रमाणें अडीच लाख छायाचित्रें राहतात, तेव्हां जागेची चिंता नको. बाहेरच्या इंटरनेटकडून आंत येण्याचा मार्ग राउटरवर उघडूं नये, आणि पहिला परवलीचा शब्द लगेच बदलावा.

नाशकांत दोन गोष्टी विशेष सांभाळाव्या लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर चढतो, आणि ८० अंशांपर्यंत तापल्यावर हा संगणक आपला वेग आपणच कमी करूं लागतो. म्हणून पेटी बंद पत्र्याच्या कपाटांत न ठेवतां, वाऱ्याच्या व सावलीच्या कोनाड्यांत ठेवावी. दुसरी गोष्ट विजेची. लिहितांना मध्येंच वीज गेली तर डिस्कवरील नोंदी बिघडतात. यास्तव पेटी व राउटर हीं दोन्ही छोट्या यूपीएसवर असावीं.

एवढें झालें म्हणजे दप्तर सुरक्षित झालें, असा समज होतो, आणि तोच धोक्याचा आहे. एका डिस्कवरील दप्तर म्हणजे एकच प्रत. म्हणून दुसरी डिस्क जोडावी, आणि तिच्यावर रोज रात्रीं नक्कल व्हावी. मात्र चौथ्या आवृत्तीच्या चारी यूएसबी खोबणींना मिळून १.२ अँपिअरच वीज मिळते. दोन डिस्कांस स्वतंत्र वीज असलेला हब द्यावा. नकलेसाठीं आरसिंक हें साधन उत्तम. तें अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनीं १९९६ सालीं लोकांस दिलें. तें बदललेला भागच उचलतें, म्हणून काम थोडक्यांत आटपतें. परंतु नक्कल आरशासारखी हुबेहूब ठेवली, तर मुलानें चुकून पुसलेलें चित्र रात्रीं दुसरीकडूनहि पुसलें जाईल. यासाठीं मागील कांहीं दिवसांच्या नकला वेगळ्या ठेवाव्या.

तिसरी प्रत दुसऱ्या घरीं असावी. गोदावरीस पूर आला कीं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलें कीं गळ्याला, हें नाशिककर विचारतात. रामकुंडाजवळच्या घरांतील दोन्ही डिस्का एकाच पाण्यांत बुडूं शकतात. इंदिरानगरांतील बहिणीकडे ठेवलेली डिस्क त्या वेळीं कोरडी राहील. दर महिन्यास ती आणून भरावी व परत पोंचवावी. त्याच वेळीं तिच्यावरील एखादें चित्र उघडून पाहावें. ज्या प्रतीवरून कागद परत काढून पाहिला नाहीं, ती प्रत आहे असें धरून चालूं नये.

शेवटचें काम यंत्राचें नाहीं. पुष्कळ घरांत ही व्यवस्था एकाच माणसाला ठाऊक असते. तो गेला म्हणजे पेटी चालू राहते, पण दप्तर कोणासहि उघडत नाहीं. म्हणून डिस्का कोठें आहेत, परवलीचे शब्द कोणते, बंद पडल्यास प्रथम काय करावें, हें साध्या वहींत स्वच्छ मराठींत लिहून ती वही घरांतील महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावी, आणि दुसऱ्या एका माणसाकडून तिच्या आधारें पेटी एकदां उघडवून घ्यावी.