घरपोचसाठी दिलेला नंबर

भिवंडीच्या कल्याण रोडजवळचा एक गाळा. खाली चादरींचे आणि ड्रेस मटेरियलचे गठ्ठे, वर पोटमाळ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला एक मुलगा. शेजारच्या गाळ्यांत लूम चालू असतात, म्हणून तो जरा मोठ्यानेच बोलतो. शेठचा माल आता इन्स्टाग्रामवरही खपतो आणि जाहिरात नेमकी कुणाला दिसावी हे ठरवायचं काम याच्याकडे आहे. मी बाजूच्या स्टुलावर बसून बघत होतो.

आधी त्याने नकाशात नाशिकवर खूण केली, भोवती वर्तुळ आखलं. मग बायका, वय 25 ते 50. मग आवडीनिवडी: घरसजावट, ऑनलाइन खरेदी. दरवेळी उजवीकडचा अंदाजे आकडा हलायचा. इथवर मला हे वस्ती बघून हँडबिलं वाटण्यासारखंच वाटलं.

“हे कच्चं काम, दादा. खरं काम आता बघा.”

खालून व्हॉट्सॅपवर एक्सेलची फाइल आली. दिवाळीत चादरी मागवणाऱ्यांचे मोबाइल नंबर. पार्सलवाल्याला पत्ता सापडला नाही तर फोन करता यावा, एवढ्यासाठीच लोकांनी दिलेले. ही फाइल चढवताना ब्राउझरमध्येच प्रत्येक नंबरचं हॅशिंग होतं, म्हणजे ठरावीक गणिताने त्याची अक्षरं-आकड्यांची लांबलचक साखळी तयार होते. इन्स्टाग्राम-फेसबुकची मालक कंपनी मेटा तिच्या खातेदारांच्या नंबरांवर तेच गणित लावते. दोन साखळ्या जुळल्या की माणूस सापडला. सापडतो तो मेटाला. जाहिरातदाराला दिसतो फक्त एक ढोबळ आकडा.

“कोण जुळलं ते मला कळतच नाही,” मुलगा म्हणाला. ते खरंच आहे. मूळ फाइल मात्र नाव, गाव, पिनकोडसकट त्याच्या डेस्कटॉपवर उघडी होती.

पुढची पायरी लुकअलाइकची: या यादीसारखी आणखी माणसं शोधून दे. यादीत एका देशातली किमान 100 माणसं हवीत. मग देशभरातल्या वापरकर्त्यांपैकी तिच्याशी सर्वांत मिळतीजुळती 1 टक्का माणसं निवडली जातात. हवं तर 10 टक्क्यांपर्यंत जाता येतं. मिळतीजुळती कशात, हे मुलाला माहीत नाही आणि शेठला विचारायची गरजही वाटत नाही. कोण कुठल्या रीलवर रेंगाळलं, कुठल्या जाहिरातीवर बोट ठेवलं, दुकानाच्या वेबसाइटवर काय बघून परत फिरलं, हे सगळं मेटाकडे साठत असतं. वेबसाइटवरची खबर पोचवायला तिथे पिक्सेल नावाचा छोटासा कोड बसवलेला असतो. बघून सोडलेली चादर चार दिवस आपल्या मागे लागते ती त्याच्यामुळे. फोन आपलं बोलणं ऐकतो असं पुष्कळांना वाटतं. मला वाटतं, त्याला ऐकायची गरजच पडत नाही.

2024 मध्ये मेटाच्या सुमारे 164 अब्ज डॉलर उत्पन्नातले 160 अब्ज जाहिरातींचे होते. याच भिवंडीत 2013 साली गोदाम उघडून भारतात उतरलेल्या अ‍ॅमेझॉनला तर बाहेरून याद्याही नकोत. गिऱ्हाईक, त्याची खरेदी आणि जाहिरातीची जागा, सगळं घरातच.

“या लोकांना विचारलं होतं का?” मी म्हटलं.

“विचारलं तर हो कोण म्हणेल?”

जाहिरातींसाठीची परवानगी वापराच्या अटींतच गुंडाळल्याबद्दल आयर्लंडने जानेवारी 2023 मध्ये मेटाला 39 कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडे त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामापुरती वापरायची, हे त्याचं मूळ सूत्र. नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला आणि संमतीची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. बोट कायम मोठ्या कंपन्यांकडे दाखवलं जातं, पण घरपोचसाठी घेतलेले नंबर वर चढवणारा शेठही या कायद्याच्या कक्षेत येतो. त्याला हे कुणी सांगितलेलं नाही. व्यापारी संघटनांनी ते आता सांगायला हवं.

तोवर आपण एक करू शकतो. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये जाहिरातींच्या सेटिंग्ज उघडा. तुमचा नंबर असलेली यादी कुठल्या जाहिरातदारांनी वापरली, ते तिथे बघता येतं आणि त्यांना अडवताही येतं.