निकाल आधी, न्याय नंतर

फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या काठी आविन्यों नावाचे शहर आहे. चौदाव्या शतकात पोप रोममध्ये नव्हे, इथे राहत. १ नोव्हेंबर १३३१ रोजी, सर्व संतांच्या सणाला, तिथल्या कॅथीड्रलमध्ये पोप बाविसावे जॉन प्रवचनाला उभे राहिले. वय नव्वदीकडे झुकलेले. ज्या संतांचा सण होता त्यांच्याविषयीच ते बोलले, आणि जे बोलले त्याने पुढची चार-पाच वर्षे युरोपातली विद्यापीठे, मठ आणि राजवाडे पेटते राहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: संत अजून देवाला पाहत नाहीत.

हे केवढे स्फोटक होते ते कळायला त्या काळचा पारलौकिक हिशेब माहीत हवा. माणूस मेला की त्याच्या आत्म्याचा तिथल्या तिथे निवाडा होतो. निर्मळ आत्मा स्वर्गात, अट्टल पापी नरकात, आणि ज्याची थोडी बाकी राहिली तो शुद्धीस्थानात. स्वर्ग म्हणजे काही सुखसोयींचा गाव नव्हे. देवाचे स्वरूप आडपडदा न ठेवता पाहणे, हाच स्वर्ग. मग जगाच्या अंती सगळे मृत देहासह उठतील आणि ख्रिस्तापुढे शेवटचा न्याय होईल. इथेच अडचण आहे. निकाल लागलेला, अंमलबजावणीही झालेली. मग ही शेवटची सुनावणी कशासाठी?

जॉन मूळचे कायदेपंडित. धर्मशास्त्राचे नव्हे, कायद्याचे शिक्षण घेऊन वर आलेले. माझा तर्क असा, की ही गोष्ट एखाद्या वकिलाला खटकावी तशीच त्यांना खटकली. १५ डिसेंबरला त्यांनी दुसरे प्रवचन केले, ५ जानेवारी १३३२ला तिसरे, आणि त्यात गाडी नरकापर्यंत पोचली: शापितांनाही त्यांची शिक्षा शेवटच्या न्यायानंतरच. म्हणजे स्वर्गाचा गाभारा बंद आणि नरकही अजून रिकामा.

या मताला आधार नव्हता असे कोणी समजू नये. बायबलातल्या प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात हुतात्म्यांचे आत्मे वेदीखाली दिसतात. न्याय कधी होणार असे ते विचारतात आणि अजून थोडे थांबा असे त्यांना सांगितले जाते. दुसऱ्या शतकातला इरेनियस आत्म्यांना पुनरुत्थानापर्यंत थांबवून ठेवतो. बाराव्या शतकातल्या बर्नार्डची, म्हणजे क्लेर्व्होच्या संताची, सर्व संतांच्या सणाची प्रवचने तर जॉन यांच्या हाताशीच होती. त्याखेरीज एक तात्त्विक मुद्दा होता आणि तो मला सगळ्यात भक्कम वाटतो. पुण्य केले ते कोणी? एकट्या आत्म्याने नव्हे. उपास पोटाने केला, वाट पायांनी तुडवली, मार पाठीने खाल्ला. आत्मा म्हणजे अख्खा माणूस नव्हे, हे तेराव्या शतकातला थोर धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस यानेही पौलाच्या पत्रावर भाष्य करताना मान्य केले होते. मग अर्ध्या माणसाला पुरे बक्षीस कसे द्यायचे?

यात आपल्या ठाण्याचाही एक धागा आहे. एप्रिल १३२१मध्ये ठाण्यात काझीपुढे झालेल्या वादातून फ्रान्सिस्कन संघाचे चार संन्यासी मारले गेले. त्यांच्या सोबतीने आलेल्या जॉर्डन नावाच्या, डॉमिनिकन या दुसऱ्या संघाच्या संन्याशाने त्यांची प्रेते नेऊन सोपाऱ्याला पुरली. पुढे हाच जॉर्डन आविन्योंला गेला आणि १३२९मध्ये जॉन यांनीच त्याला केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमले. त्या चौघांतला थॉमस, इटलीतल्या तोलेंतिनोचा, तरुणपणी आपल्याच संघाच्या तुरुंगात पडला होता, कारण संन्याशाने खरोखर दरिद्री राहावे हा त्याचा हट्ट. असल्याच हट्टापायी १३१८मध्ये मार्सेय शहरात चार फ्रान्सिस्कनांना जाळण्यात आले, तेव्हा पोप हेच जॉन होते. ठाण्याचे चार काय आणि मार्सेयचे चार काय, ज्यांनी त्यांना हुतात्मे मानले त्यांना आता पोपच सांगत होते की ते सगळे वेदीखाली वाट पाहत बसले आहेत.

विरोध लगेच उठला. थॉमस वॉलेस नावाच्या इंग्रज डॉमिनिकनाने ३ जानेवारी १३३३ला आविन्योंतच, पोपच्या नाकासमोर, उलट प्रवचन ठोकले. त्याला इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, आत टाकले. पोप मात्र म्हणत राहिले की आपण आज्ञा काढलेली नाही, प्रश्न चर्चेला ठेवला आहे. मोकळी चर्चा आणि विरोधक तुरुंगात, हे गणित तेव्हाही पुष्कळांना सुटले नाही. म्युनिकला सम्राट लुडविगच्या आश्रयाला फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम आणि त्याचे सोबती होते. संन्याशांच्या दारिद्र्याच्या त्याच वादातून ते १३२८मध्ये आविन्योंहून पळालेले. त्यांना तर हे घबाडच सापडले: पोप पाखंडी आहे!

पॅरिसला फ्रान्सिस्कन संघाचा प्रमुख जेरार्ड ओडोनिस पोपची बाजू मांडायला गेला आणि विद्यापीठ खवळले. राजा सहावा फिलिप याने डिसेंबर १३३३मध्ये व्हँसेनच्या वाड्यात धर्मपंडितांना बोलावले. पंडितांनी पोपविरुद्ध मत दिले. राजाला एवढी आच का, हे पाहण्यासारखे आहे. त्याचा पणजोबा नववा लुई १२९७मध्ये संत ठरलेला. ज्या घराण्याचा पूर्वज देवासमोर उभा राहून वंशजांसाठी रदबदली करतो, त्या घराण्याला पूर्वज अजून देवापर्यंत पोचलाच नाही हे कसे परवडेल? आणि हे राजापुरतेच नव्हते. मृतांसाठी चर्चमध्ये म्हटलेल्या मिस्सा, पापाच्या शिक्षेत सूट देणारी माफीपत्रे, संतांना केलेले नवस, यावर मठच्या मठ चालत. आत्मा लवकर सुटावा म्हणून पैसे मोजायचे, आणि सुटलेलेही शेवटच्या दिवसापर्यंत ताटकळणार असतील तर घाई कसली? नुसत्या तर्कापायी एवढा गदारोळ उठला नसता, असे माझे मत.

या सगळ्यात जो माणूस शांतपणे कागद वाचत बसला होता तो म्हणजे कार्डिनल जाक फूर्निए. पॅरिसचा धर्मशास्त्री, सिस्टर्सियन साधू. पोपने त्याच्याकडे मत मागितले आणि त्याने भलामोठा ग्रंथ लिहिला. पण हा प्रश्न त्याच्यापुढे याआधीही आला होता, आणि तो कुठल्या विद्वानाकडून नव्हे. १३२०च्या सुमारास तो पिरेनीज डोंगराच्या पायथ्याशी पामिए इथे बिशप होता आणि पाखंड्यांच्या जबान्या घेत होता. त्या दप्तरात आर्नो जेलिस नावाचा एक सामान्य माणूस आहे. मेलेली माणसे आपल्याला भेटतात, निरोप देतात, असे तो सांगे आणि ते निरोप घरोघर पोचवी. त्याच्या सांगण्याप्रमाणे मृत या चर्चमधून त्या चर्चमध्ये हिंडतात आणि मग विसाव्याच्या जागी जाऊन शेवटच्या न्यायापर्यंत थांबतात. मृतांची गर्दी इतकी, की रस्त्याने चालताना कोपरे अंगाशी धरावीत, हात झोकत चालले तर एखादा मृत धक्का लागून पडायचा. फूर्निएने हे सगळे बारकाईने लिहवून घेतले आणि जेलिसला ही मते सोडायला लावली. दहा-बारा वर्षांनी जवळपास तीच विसाव्याची जागा पोपच्या तोंडून ऐकताना त्याला काय वाटले असेल? दप्तर त्यावर काही बोलत नाही. मला मात्र वाटते की हा विचार ग्रंथांतून जितका आला, तितकाच गावागावांत मुरलेला होता.

३ डिसेंबर १३३४ला मरणशय्येवर जॉन यांनी कार्डिनलांसमोर आपले मत मागे घेतले. निर्मळ आत्मे देवाला समोरासमोर पाहतात, पण देहावेगळ्या आत्म्याला जितके शक्य तितकेच, अशी पाचर त्यातही होती. वकील तो वकील. दुसऱ्या दिवशी ते गेले. २० डिसेंबरला फूर्निए निवडून आले आणि बारावे बेनेडिक्ट झाले. २९ जानेवारी १३३६च्या त्यांच्या फर्मानाने निर्णय झाला: निर्मळ आत्मे मृत्यूनंतर, किंवा शुद्धी संपताच, न्यायाच्या दिवसाची वाट न पाहता देवाचे स्वरूप पाहतात, घोर पापात मेलेले तत्काळ नरकात जातात, आणि तरीही न्यायाच्या दिवशी सगळे देहासह ख्रिस्ताच्या आसनापुढे उभे राहतील. ‘तरीही’ म्हटले आहे. का, ते नाही. देह परत मिळाल्यावर आनंद वाढतो का, यावरही फर्मान गप्प आहे. या प्रश्नावर अक्वायनसनेच कूस बदलली होती: तरुणपणी त्याने आनंद अधिक उत्कट होतो असे लिहिले, पुढे उत्कट नव्हे, फक्त देहापर्यंत पसरतो, असे.

सुनावणीच्या प्रश्नाला जे सर्वांत चांगले उत्तर मला ठाऊक आहे तेही अक्वायनसचेच, आणि त्याला १३२३मध्ये संत ठरवणारे पोप हेच जॉन. उत्तर त्याच्या ‘सुम्मा’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात आहे. माणूस मेला तरी त्याचे सगळे संपत नाही. तो लोकांच्या आठवणीत उरतो, आणि ती आठवण खोटीही असू शकते. मुलांत उरतो, आणि चांगल्याच्या पोटी वाईट निपजते. मुख्य म्हणजे कृत्यांच्या परिणामांत उरतो. एरियस या जुन्या धर्मगुरूच्या पाखंडाने त्याच्यामागून माणसे बहकत राहिली, प्रेषितांच्या शिकवणीने तरत राहिली. हे परिणाम जगाच्या अंतापर्यंत चालू. म्हणून माणसाचा पुरता न्याय काळ थांबल्यावरच करता येतो, तोवर हाती असतो तो एकट्याचा निवाडा.

प्रॉटेस्टंटांनी शुद्धीस्थान उडवले तरी हा पेच त्यांच्या घरीही शिरला. मृत आत्मे न्यायापर्यंत झोपलेले असतात, या मताविरुद्ध प्रॉटेस्टंट धर्मसुधारक काल्व्हिनने १५३४मध्ये पुस्तक लिहिले. १९५५मध्ये ऑस्कर कुलमन या धर्मपंडिताने हार्वर्डच्या व्याख्यानात ठासून सांगितले की अमर आत्मा ही ग्रीकांची कल्पना, नव्या कराराची आशा मृतांच्या पुनरुत्थानाची. त्यावरही भाविक भडकले. वसईत नि गोव्यात २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा होते तिच्यामागची शिकवण मात्र १३३६चीच.

अक्वायनसचा नियम खुद्द जॉन यांना लावला तर त्यांचे प्रकरण अजून चालूच म्हणायला हवे. दोनशे वर्षांनी काल्व्हिनने पोपशाहीला झोडपायला त्यांचेच नाव काढले, आणि तेही अतिशयोक्त करून: हा पोप आत्मा अमर मानतच नव्हता म्हणे. पोप चुकू शकत नाही या सिद्धान्ताची चर्चा निघाली की आजही विरोधक जॉन यांच्या त्या तीन प्रवचनांचे दाखले देतात, आणि समर्थक म्हणतात की तो पोपचा निर्णय नव्हता, एका म्हाताऱ्या विद्वानाचे खासगी मत होते.