बॅटरी निवू द्या

आपल्या तेल्हाऱ्याकडे पऱ्हाटीचे पीक मोठे. तिच्यावर औषध फवारायचे तर पाठीवर पंप घेऊन तासन् तास चालावे लागते. आता हेच काम ड्रोन करतो. २०२३ साली केंद्र सरकारने महिला बचत गटांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना काढली. म्हणून ड्रोनच्या बॅटरीविषयी आम्ही चार गोष्टी सांगतो.

हौशी लोक दुरून चालवायचे छोटे विमान उडवतात. त्यात असते त्याच जातीची लिथियम बॅटरी ड्रोनमध्ये असते. ती वजनाला हलकी, पण जोर मोठा. उष्णता मात्र तिची वैरी.

बॅटरी तापते कशाने? वीज वाहताना बॅटरीच्या आत तिला थोडा अडथळा होतो. त्यातून उष्णता निघते. वीज दुप्पट ओढली, तर ही उष्णता चौपट होते! टाकी भरलेला ड्रोन वर उचलताना म्हणूनच बॅटरी फार तापते. त्यात वऱ्हाडचे ऊन. मे महिन्यात अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्याही वर जातो. टिनाच्या खोलीत तर विचारूच नका.

बॅटरी ६० अंशांपलीकडे तापू लागली की धोका वाढतो. आतली रसायने बिघडतात, वायू तयार होतो, बॅटरी फुगते. कधी ती पेटही घेते. विझली असे वाटले तरी पुन्हा पेटू शकते. तिचा धूरही विषारी असतो. भाव येईस्तोवर आपण कापूस घरातच ठेवतो. त्याच खोलीत बॅटरी चार्जिंगला लावली, तर काय होईल?

मग करावे काय? फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करा. बॅटरी पार रिकामी होऊ देऊ नका. थोडी वीज शिल्लक असतानाच ड्रोन उतरवा. उतरवलेली बॅटरी सावलीत, वाऱ्यावर ठेवा. पाण्यात बुडवू नका. हाताला गरम लागेनाशी झाली की मगच चार्जिंगला लावा. चार्जर तिचाच वापरा. कापूस, कडबा, निजायची खोली यांपासून दूर, फरशीवर लावा आणि जवळ कोणीतरी थांबा. काही दिवस काम नसेल, तर अर्धी भरून थंड जागी ठेवा. फुगलेली बॅटरी टोचू नका, वापरू नका. विक्रेत्याकडे परत द्या.

आभाळ भरून येते, वावर अर्धे राहिलेले असते. तेव्हाच माणूस घाई करतो आणि गरम बॅटरी चार्जिंगला लावतो. म्हणून दोन-तीन बॅटऱ्या जवळ ठेवा. एक उडेल, तोवर दुसरी निवेल.