एक वायर, घरभर नेट

ओझरच्या विघ्नहराचं दर्शन झाल्यावर हाताशी वेळ असेल, तर नारायणगाव ओलांडून खोडदकडे जाऊन यावं. तिथं शेतांमधून ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या डोकं वर काढतात. ही जीएमआरटी, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण. एकूण ३० अँटेना. त्यातल्या १४ मधल्या भागात आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या, टोकाटोकांतलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. आकाशातून येणारं सगळं बिनतारी. पण प्रत्येक अँटेनानं टिपलेला संकेत मध्यवर्ती इमारतीत पोचतो तो ऑप्टिकल फायबरमधून. तारेवर इतका भरवसा असलेल्या या परिसरात एका वायरचं नेट घरभर कसं वाटायचं, हे प्रत्येकाला यायलाच हवं.

वायर फक्त कॉम्प्युटरला जोडलेली आहे आणि फोनलाही नेट हवंय? विंडोज १० किंवा ११ असेल, तर सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या भागात ‘मोबाइल हॉटस्पॉट’ सुरू करा आणि नेट कुठून घ्यायचं तिथं ‘इथरनेट’ निवडा. एकावेळी ८ उपकरणं जोडता येतात. जुन्या डेस्कटॉपला वायफाय नसतं. त्याला यूएसबीचा छोटा वायफाय अ‍ॅडॉप्टर लावला की झालं.

आता खरी गंमत. बाहेरच्या जगाला घरातला एकच पत्ता दिसतो, कॉम्प्युटरचा. वाड्याच्या नावानं आलेली पत्रं कारभारी ज्याची त्याला देतो, तसा तो कॉम्प्युटर कुठलं उत्तर कुणाचं याची नोंद ठेवतो. या युक्तीला ‘नॅट’ म्हणतात. १९९४ मध्ये ती कागदावर आली. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच, म्हणजे माणशी एकही नाही. नॅट नसती तर त्यांची टंचाई खूप आधीच भासली असती. त्याच वर्षी काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. म्हणूनच १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता ओझरच्या घरात असतो, तोच टोकियोतल्या घरातही, आणि दोघांची कधी गल्लत होत नाही!

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत, टेलिफोनच्या तारेवरून. नेट चालू तोवर फोन बंद. अशा काळात, १९९९ मध्ये, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत नेट वाटून घेण्याची सोय आली आणि एका फोन लाइनवर दोन कॉम्प्युटर चालू लागले. तेव्हा दोन कॉम्प्युटर थेट जोडायला ‘क्रॉसओव्हर’ नावाची वेगळी केबल लागायची, आतल्या तारांची अदलाबदल केलेली. आजचे पोर्ट ती अदलाबदल स्वतःच करतात.

घरापासून गोठ्यापर्यंत किंवा पोल्ट्रीच्या शेडपर्यंत लॅन केबल ओढणार असाल, तर १०० मीटरची मर्यादा लक्षात ठेवा; पुढं जायचं तर मध्ये स्विच लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लॅन केबल तांब्याची असते. वळवाच्या पावसात आसपास वीज पडली, तर उघड्यावरच्या तांब्यातून झटका दोन्हीकडच्या यंत्रांना जाऊ शकतो. नुसत्या काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका, असंच माझं ठाम मत आहे.

तुमच्या हॉटस्पॉटचा खोडदच्या दुर्बिणीला त्रास होतो का? ती साधारण १,४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते आणि वायफाय २,४०० च्या पुढं बोलतं, त्यामुळे पट्टे वेगळे. मोबाइलचे काही पट्टे मात्र तिच्या कानाच्या अगदी जवळ. म्हणून दुर्बिणीच्या आवारात फोन बंद ठेवा.

लाइट गेली, राउटर बंद पडला, लॅपटॉप मात्र चालू आहे? मग उलटं करा. फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडा आणि ‘टेदरिंग’ चालू करा. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१० पासून आहे. वायफाय नसलेल्या कॉम्प्युटरलाही ती चालते आणि फोन चार्ज होत राहतो. हॉटस्पॉट लॅपटॉपवरून देत असाल, तर त्याला झोपू देऊ नका. तो स्लीपमध्ये गेला की त्याच्यावरचे सगळे फोन नेटविना.