न दिसणाऱ्या गाठींचा वेध

2018 च्या मार्च महिन्यात नट इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले. ‘न्यूरो’ हा शब्द ऐकताच पुष्कळांनी तो मेंदूचा रोग ठरवून टाकला. शेवटी न्यूरो म्हणजे दर वेळी मेंदूच नव्हे, असा खुलासा त्यांना स्वतःलाच करावा लागला. 29 एप्रिल 2020 रोजी ते मुंबईत निवर्तले. तो गैरसमज मात्र अजून शिल्लक आहे.

आपल्या आतड्यांत, जठरात, स्वादुपिंडात आणि फुप्फुसांत काही विशेष पेशी विखुरलेल्या असतात. मज्जातंतूंचे थोडे गुण आणि अंतःस्रावी ग्रंथींचे थोडे गुण असा त्यांचा स्वभाव. या पेशींची गाठ ती ही. 1907 मध्ये ओबेर्नडॉर्फर या जर्मन शास्त्रज्ञाने तिला ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखी, असे नाव दिले. ती खराही कर्करोग ठरू शकते, हे पुढे त्यानेच मान्य केले.

ही गाठ लहान असते आणि बहुधा सावकाश वाढते. काही गाठी रक्तात नाना द्रव्ये सोडतात. मग चेहरा एकाएकी लालबुंद होतो, वारंवार जुलाब होतात, छातीत धडधडते. घरचे म्हणतात पित्त झाले, पन्नाशीच्या बाईला सांगतात की हे वयाचेच. अशा समजुतीत कित्येकांची वर्षे जातात आणि तेवढ्या अवधीत गाठीची पिल्ले यकृतात जाऊन बसतात. म्हणून ती आहे कोठे आणि पसरली किती, या दोन प्रश्नांवर रोग्याचे सारे भवितव्य अवलंबून असते.

येथे आमच्या उज्जैनची वेधशाळा मदतीला येते. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात ती बांधली आणि 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथे दिवसा शंकूच्या छायेवरून सूर्याचा वेध घेतात. क्ष-किरणांचे चित्र म्हणजे अशीच छाया होय. किरण बाहेरून येतात आणि आतल्या वस्तूची सावली पडते. सीटी स्कॅन हेही याच छायेचे सुधारलेले रूप. परंतु आतड्याच्या घडीत दडलेल्या वाटाण्याएवढ्या गाठीची वेगळी छाया कशी उमटावी? रात्रीचा तारा मात्र स्वतःच्या प्रकाशाने दिसतो. आण्विक वैद्यकाची युक्ती हीच की गाठीलाच तारा करायचे.

हे साधले सोमॅटोस्टॅटिन नावाच्या संप्रेरकामुळे. गिलमँ यांच्या प्रयोगशाळेत 1973 मध्ये त्याचा शोध लागला. या गाठींपैकी बहुसंख्य गाठींच्या पेशींवर त्या संप्रेरकाला धरून ठेवणारी ग्राहके दाटीने असतात, कुलपांसारखी. रसायनशास्त्रज्ञांनी त्या कुलपाला बसणारी टिकाऊ किल्ली बनविली आणि तिला किरणोत्सारी धातूचा एक कण अडकविला. प्रथम इंडियम वापरीत. आता गॅलियम-68 वापरतात. हे औषध शिरेतून दिले की सुमारे तासाभरात ते गाठीला जाऊन चिकटते. गॅलियममधून पॉझिट्रॉन निघतो, जवळच्या इलेक्ट्रॉनशी त्याची गाठ पडते, दोघेही नाहीसे होतात आणि परस्परविरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण सुटतात. रोग्याभोवतीचे पेट यंत्र ही जोडी टिपते व तिचे उगमस्थान काढते. सोबत सीटी असतो, त्यामुळे तारा कोणत्या अवयवात आहे तेही कळते.

गॅलियम-68 दर 68 मिनिटांनी निम्मे होते. मुंबईहून रात्री अवंतिका एक्स्प्रेसमध्ये ते ठेवले, तर सकाळी उज्जैनला त्याचा हजारावा भागही उतरणार नाही. म्हणून रोग्यानेच औषधाकडे जायचे. रुग्णालयात एक लहानसे जनित्र असते. त्यात जर्मेनियम-68 हळूहळू गॅलियममध्ये रूपांतरित होत राहते, आणि काही तासांच्या अंतराने ते ‘दुहून’ घ्यायचे. शास्त्रज्ञही त्याला गमतीने गाय म्हणतात. ही गाय वर्षभर तरी पुरते.

चित्र हाती आले की घरच्यांनी स्वतः अर्थ लावू नये. प्लीहा, मूत्रपिंडे, यकृत हे अवयव निरोगी माणसातही उजळतात; स्वादुपिंडाच्या टोकाशी दिसणारा ठिपका पुष्कळदा निरुपद्रवी असतो. डॉक्टर गाठीच्या तेजाची यकृताच्या व प्लीहेच्या तेजाशी तुलना करतात. एकच ठिपका असेल तर शस्त्रक्रियेने रोग मुळासकट काढण्याची आशा धरता येते. यकृतात, हाडांत आणखी ठिपके निघाले तर बेत बदलतो. शस्त्रक्रियेआधीच हे कळणे ही केवढी गोष्ट आहे!

एक उलटा प्रकारही आहे. गाठ फार आक्रमक झाली की तिची कुलपे नाहीशी होऊ लागतात. चित्र अंधारे येते, पण रोग बळावलेला असतो. अशा वेळी किरणोत्सारी साखरेची दुसरी पेट तपासणी करतात, कारण वेगाने वाढणारी पेशी साखर अधिक खाते. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे तर कधीच टळत नाही.

पहिले चित्र तेजस्वी आले तर त्याच किल्लीला गॅलियमऐवजी ल्युटेशियम-177 जोडता येते. त्याचे बीटा किरण एकदोन मिलिमीटरच जातात आणि गाठीलाच जाळतात. अमेरिकेत या उपचाराला जानेवारी 2018 मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार झाले आहे, आणि परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारातील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, जे 1963 साली सुरू झाले, हा उपचार दिला जातो.

तपासणीला जाणाऱ्याने दोन गोष्टी आधी सांगाव्यात. ऑक्ट्रिओटाइडचे महिन्याचे इंजेक्शन चालू असेल तर त्याची तारीख, कारण तपासणी बहुधा पुढच्या इंजेक्शनच्या थोडी आधी ठेवतात. आणि स्त्री असल्यास गर्भारपण किंवा अंगावर पाजणे. तपासणीनंतर पाणी भरपूर प्यावे. उरलेले औषध लघवीवाटे निघून जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात गॅलियम जवळजवळ नसतेच.