माशी, छिद्र, दुर्बीण आणि लाल ठिपका

तिसगावच्या शिवारात ज्वारी हुरड्यास आली म्हणजे माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे हाकणारा राखणदार आपण सर्वांनीच पाहिला आहे. त्याच्या गोफणीस नेम धरण्याचे कोणतेही साधन नसते. केवळ सवयीने त्याचा खडा हव्या त्या बाजूस जातो. रायफलीची गोष्ट निराळी आहे. साठ सेंटिमीटर लांबीच्या नळीचे तोंड एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके, म्हणजे सुमारे एका केसाइतके हलले, तर पन्नास मीटरांवर गोळी आठ मिलिमीटर बाजूस पडते. म्हणून रायफलीस नेम धरण्यासाठी स्वतंत्र साधन लागते. त्यास साईट असे म्हणतात.

हा विषय शाळेच्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींस एन. सी. सी.ची, पोलीसदलाची वा सैन्याची ओढ असते, तर काही नेमबाजीकडे खेळ म्हणून पाहतात. गेल्या वर्षी एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांचा मुलगा सुट्टीत शहरातील एका सरावकेंद्रात जात असे. “सर, पोराचा नेम काही केल्या लागत नाही. तिथे कुणाच्या तरी लाल ठिपक्याच्या साईटमधून त्याने पाहिले. पण ती खराब असावी. ठिपक्याऐवजी त्याला चांदणी दिसते. चांगली, महागातली घेऊन द्यावी म्हणतो. थोडे कर्ज काढावे लागेल, पण त्याचा नेम लागेल ना?” त्यांस आम्ही जे सांगितले तेच येथे सविस्तर मांडीत आहो.

साईटचे चार मुख्य प्रकार आहेत. पहिला सर्वांत जुना. नळीच्या टोकाशी माशी असते आणि डोळ्याच्या बाजूस खाच. खाच, माशी आणि निशाण ही तिन्ही एका रेषेत आणावयाची. यात अडचण अशी की, आपला डोळा एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू स्पष्ट पाहू शकतो. माशी स्पष्ट दिसली तर खाच व निशाण अंधुक होतात. तथापि हे साधन साधे व दणकट आहे, आणि यास बॅटरी लागत नाही.

दुसऱ्या प्रकारात खाचेच्या जागी बारीक छिद्र असते. याचा गुण समजून घेण्यासाठी विद्यार्थ्यांनी एका जाड कागदास टाचणीने भोक पाडावे, ते डोळ्याशी धरावे आणि पुस्तक अगदी जवळ आणून वाचावे. एरवी पुसट दिसणारी अक्षरे रेखीव दिसू लागतील. बारीक छिद्रातून प्रकाशाचे थोडेच किरण आत येतात व ते डोळ्यात फारसे पसरत नाहीत. म्हणून जवळचे आणि दूरचे दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसते. उलट बाजू ही की, प्रकाश कमी पडला तर दिसणेच कठीण होते.

तिसरा प्रकार दुर्बिणीचा. तीत निशाण मोठे दिसते व नेमाच्या रेघा निशाणाच्याच पातळीवर दिसतात. परंतु निशाणाबरोबर आपल्या हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो, आजूबाजूचा देखावा आकुंचित होतो, आणि डोळा ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो.

चौथा प्रकार लाल ठिपक्याचा. रात्री खिडकीच्या काचेसमोर उभे राहिले असता घरातील दिवा बाहेर अंगणात लोंबकळत असल्यासारखा दिसतो, हे आपण पाहिलेच असेल. या साईटचे मूळ तत्त्व तेच होय. मात्र येथे काच सपाट नसून किंचित वक्र असते, आणि तिच्यासमोर नेमक्या ठरलेल्या अंतरावर एक लहानसा लाल दिवा बसविलेला असतो. त्यामुळे काचेवरून परतणारे किरण एकमेकांस समांतर होतात व ठिपका अतिशय दूर असल्यासारखा भासतो. तिसगावहून पाथर्डीस पायी निघाले तर रस्त्याकडेची झाडे मागे पडतात, परंतु चंद्र आपल्याबरोबर चालतो. कारण तो फार दूर आहे. तसेच येथे डोके थोडे इकडेतिकडे झाले तरी ठिपका नळीच्या दिशेनेच राहतो. तीन वस्तू जुळविण्याऐवजी ठिपका निशाणावर ठेवला की काम झाले; आणि दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. परावर्तनाच्या या युक्तीचे पेटंट डब्लिन येथील दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी 1900 साली घेतले. विजेवर चालणारी आजच्या धर्तीची साईट स्वीडनमधील एमपॉइंट या कंपनीने 1975 मध्ये विक्रीस आणली.

मग हेच साधन सर्वांत श्रेष्ठ काय? येथे थोडे गणित करू. ठिपक्याचा आकार कोनाने मोजतात. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. शंभर मीटरांवर त्याची रुंदी सुमारे 29 मिलिमीटर भरते. दोन मिनिटांचा ठिपका पन्नास मीटरांवरही तितकीच, म्हणजे 29 मिलिमीटर जागा झाकतो. आणि पन्नास मीटरांच्या रायफल स्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास किती? अवघा 10.4 मिलिमीटर! ज्यावर गोळी पाडावयाची, त्याच्या जवळजवळ तिप्पट जागा ठिपक्याखाली झाकली जाते. हलत्या निशाणावर त्वरेने नेम धरावयाचा असेल तेथे लाल ठिपका उत्तम. केसाइतक्या अचूकतेच्या कामी तो उणा पडतो.

ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण वा लाल ठिपका यांस परवानगीच नाही. तेथे छिद्राचीच साईट वापरतात. पुढे माशीच्या जागी एक कडे असते; त्या कड्याच्या मधोमध निशाणाचे काळे वर्तुळ आणावयाचे. वर्तुळात वर्तुळ नीट बसले की नाही, हे आपला डोळा फार सूक्ष्मपणे ओळखतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरल्या, त्या याच साधनाने. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या खेड्याचे स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये गुडघ्यावर, पालथे पडून व उभे राहून अशा तिन्ही स्थितींत नेमबाजी करून 451.4 गुणांनी कांस्यपदक मिळविले, तेही याच साधनाने. या प्रकारातील ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक होय. श्वास आवरणे, चाप हळुवार दाबणे आणि हे रोज करणे, हा भाग कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

आता चांदणीकडे वळू. लाल ठिपका वाकडातिकडा दिसला तर दोष साईटचा की डोळ्याचा, हे ओळखणे सोपे आहे. साईट रायफलीवरून उतरवून हातात धरावी व ठिपक्याकडे पाहत तिरपी फिरवावी. ठिपक्याचे फाटे तिच्याबरोबर फिरले तर दोष साईटचा; ते जागच्या जागी राहिले तर दोष डोळ्याचा. अथवा टाचणीच्या भोकातून ठिपका पाहावा. तो एकदम गोल झाला तर डोळे तपासून घ्यावेत. बुबुळाचा पडदा सर्व बाजूंनी सारखा गोल नसला म्हणजे असे घडते, व त्यावर चष्म्याचा उपाय आहे.

हा मुलगा वर्गात फळ्यावरील गणिते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो, हे आम्हांस ठाऊक होते. आणि ती त्याची आळशी खोड आहे असे समजून आम्ही त्यास एकदोनदा रागेही भरलो होतो. आम्ही त्या पालकांस म्हणालो, “कर्ज काढू नका. आधी त्याचे डोळे तपासून घ्या.” तपासणीत दोन्ही डोळ्यांत तोच दोष निघाला. चष्मा आला. नेमबाजीत तो पुढे काय करील हे काळच सांगेल. परंतु फळ्यावरील गणित आता तो स्वतः वाचतो.

पवित्र शास्त्रात, शास्त्यांच्या पुस्तकात, बन्यामिनाच्या वंशातील सातशे डावऱ्या गोफणकरांचा उल्लेख आहे. त्यांचा नेम केसभरही चुकत नसे. तेथे चुकणे या अर्थी जे इब्री क्रियापद आले आहे, तेच अन्यत्र पाप करणे या अर्थी येते. त्या मुलावर रागावताना नेम आमचाच चुकला होता. पालकांस व आमच्या शिक्षकबंधूंस इतकेच विनवितो की, मुलाचा नेम चुकत असेल तर त्याच्या हाती महागडे साधन देण्यापूर्वी, आणि त्यास बोल लावण्यापूर्वी, त्यास नीट दिसते काय एवढे आधी पाहावे.